जगलेल्याचा जबाब

मेंढरू हे जनावर नाही, असं तुम्ही लिहिलंत. कुठं बसून लिहिलंत, कुणाच्या सहीनं लिहिलंत, ते आम्हाला ठाऊक नाही. पण तुमचा कागद खाली गावापर्यंत आला तेव्हा त्यात गाय होती, बैल होता, म्हैस होती, आणि मेंढी नव्हती. छावणीतला चारा मोठ्या जनावराला, छावणीतलं पाणी मोठ्या जनावराला. मेंढीला तोंड असतं, पोट असतं, दुष्काळात तिचीही जीभ बाहेर येते, हे लिहिताना तुम्हाला आठवलं नाही. तुमच्या त्या एका ओळीपायी चिंचदऱ्याच्या म्हाळू धनगराचं डोकं फुटलं. पाईप दुसऱ्याच्या हातात होता, हे खरं. नियम तुमचा होता.

ते तेरा साल. शिरूर कासारच्या त्या अंगाला पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली. पाझर तलावातला चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झालेल्या. गावच्या दूध सोसायटीनं माळावर छावणी उघडली. चेअरमन अर्जुनराव, आणि छावणी चालवायला त्यांचा पुतण्या बंकट. चाऱ्याच्या चिठ्ठ्या बंकटच्या खिशात, टँकरच्या कुलपाची किल्ली बंकटच्या करदोड्याला. चारशे जनावरं दावणीला होती आणि त्या चारशे जनावरांचे मालक सकाळ-संध्याकाळ बंकटच्या तोंडाकडं बघून होते. तो हसला की हसायचं, तो खाकरला की गप बसायचं.

म्हाळूची साठ मेंढरं. बायको साखराबाई आणि धाकटा भाऊ सिदू, एवढंच घर. दोघं भाऊ कळप घेऊन कोसकोस हिंडायचे, बाभळीच्या शेंगा झोडायचे, आणि पाण्यासाठी नदीत खड्डा करून वाटी-वाटीनं उपसायचे. साठ तोंडांना वाटी-वाटीनं पाणी पाजायला किती वेळ लागतो, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. शेवटची पिईपर्यंत पहिलीला पुन्हा तहान लागलेली असते.

चैत्र सरत आला होता. दिवस कलल्यावर म्हाळू आणि साखराबाई छावणीच्या कडेनं कळप घेऊन वाडग्याकडं निघाले होते. टँकर नुकताच हौदात रिकामा झाला होता. मेंढराला पाण्याचा वास लांबून येतो. पुढची एडकी वळली, आणि एक वळली की सगळी वळतात. म्हाळू आडवा झाला, काठी धरली, तोंडानं "हुर्र, हुर्र" केलं, तरी त्याच्या पायांमधून कळप हौदावर गेला.

बंकट धावत आला. त्यानं आईवरून शिवी दिली. म्हाळूनं हात जोडले. दोन घोट पिऊ द्या मालक, वळवतो लगेच, एवढंच तो म्हणत होता. बंकटच्या हातात टँकरचा पाईप होता, लोखंडी तोंडाचा. पहिला तडाखा एका गाभण मेंढीच्या पाठीत बसला. म्हाळू मेंढीवर आडवा पडला. दुसरा त्याच्या डाव्या कानाच्या वर बसला.

साखराबाई वीस पावलांवर उभी होती, काखेत दोन दिवसांचं कोकरू. आवाज अगदी लहान आला. तिला वाटलं, पाईप हौदाच्या काठावर आदळला. मग म्हाळूचं मुंडासं एका बाजूनं लाल व्हायला लागलं.

छावणीत तेव्हा पन्नास-साठ माणसं होती. कुणी वैरण सोडत होतं, कुणी धार काढत होतं. सगळ्यांचे हात जिथल्या तिथं थांबले आणि तिथंच राहिले. एक विमलबाई तेवढी पुढं आली. तिनं लोटाभर पाणी म्हाळूच्या तोंडात घातलं, आणि आपल्या लुगड्याचा पदर फाडून डोकं बांधलं. बंकट म्हणाला, लोट्याचं पाणी मोजून दिलेलं असतंय बाई. तेही साखराबाईनं ऐकलं.

सिदू नदीकडून पळत आला. पिकअप थांबवून त्यानं भावाला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. साखराबाई मागं राहिली. राहणं भागच होतं. साठ मेंढरं कुणाच्या गळ्यात घालणार?

दुसऱ्या दिवशी तिला जबाबाला बोलावलं. ती कळप हाकत तीन कोस चालत चौकीवर गेली. चौकीपुढच्या लिंबाखाली मेंढरं बसवली आणि दाराशी उकिडवी बसली. आत जमादार होता. त्याच्या टेबलावर सोसायटीच्या कॅनमधलं दूध घातलेला चहा होता. कॅन कोपऱ्यात होता आणि त्यावर सोसायटीचा शिक्का होता. साखराबाईला वाचता येत नव्हतं, पण तो शिक्का ओळखू येत होता.

जमादारानं नाव, गाव, वय विचारलं. नवऱ्याचं नाव तिनं सांगितलं नाही, ते दारातल्या पोलिसानं सांगितलं. मग त्यानं विचारलं, मारणारा कोण?

"नाव घेता येत न्हाई, साहेब," ती म्हणाली.

"कावून? दम दिला का कुणी?"

"न्हाई. आमच्या मामंजीचं नाव हाय त्येचं."

"मग मामंजीचं नाव सांग."

साखराबाईनं पदर पुढं ओढला. "त्येच तं घेत न्हाईत."

जमादार हसला. दारातल्या पोलिसालाही त्यानं हसायला बोलावून घेतलं. तिचा सासरा बंकट, तोही बंकट. दोघांची नावं एक. सासरा जाऊन वीस वर्षं झाली होती. पण लग्नाच्या दिवसापासून तिच्या जिभेनं ते नाव उचललं नव्हतं. गावात त्या नावाचे चार जण होते, आणि चौघांना ती चार खुणांनी ओळखायची. त्याच खुणा तिनं जमादाराला सांगितल्या. छावणीचा चिठ्ठ्यावाला. चेअरमनचा पुतण्या. लाल फटफटीवाला. डाव्या हातात कडं घालतो त्यो. जमादार मान हलवत लिहीत होता. ती आणखी सांगत गेली, मेंढीला कसं हाणलं, लोट्यावरून काय बोलला. जमादाराचा पेन चालतच होता, म्हणून तिला वाटलं, सगळं लिहून घेतोय भला माणूस.

लिहून झाल्यावर तिनं डावा अंगठा पुढं केला. सवयच ती. राशनला अंगठा, सोसायटीत अंगठा, बाजारात मेंढरू विकलं तर पावतीवर अंगठा.

"ह्याला अंगठा लागत न्हाई," जमादार म्हणाला. "कायदाच हाय तसा. जा तू."

ती जरा घुटमळली आणि निघाली. चार दिवसांनी सिदूला तिनं हे सांगितलं, तेव्हा त्यानं विचार करून समजूत घातली की वैनी, अंगठा न्हाई तं मग त्यो कच्चा कागद असंल, पक्का घ्यायला परत बोलावतील. तिलाही पटलं. बिनअंगठ्याचा कागद कुणाला काय करणार? दोघं पक्क्या कागदाची वाट बघत राहिले.

तिकडं दवाखान्यात तिसऱ्या दिवशी म्हाळूचं अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, औरंगाबादला न्या, डोकं उघडावं लागेल, आणि वाटेत काहीही होऊ शकतं. मग नायब तहसीलदार आले. त्यांनी सिदूला बाहेर काढलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की माणूस शुद्धीवर आहे, बोलण्याजोगा आहे. तहसीलदारांनी एकेक प्रश्न विचारला, एकेक उत्तर लिहिलं. सिदू दाराच्या फटीशी कान लावून होता. म्हाळूला बापाचं नाव घ्यायला कसली अडचण नव्हती. तो तुटक, पण स्पष्ट बोलला: चेअरमनच्या पुतण्यानं, बंकटनं, पाईपानं हाणलं. पाण्यावरून हाणलं. मग त्याचा अंगठा घेतला. शाई लावताना त्याचा हात थरथरत होता, म्हणून तहसीलदारांनी स्वतः मनगट धरलं. डॉक्टरांची सही झाली, वेळ घातली, पाकीट बंद झालं.

औरंगाबादला डोकं उघडलं, आणि म्हाळू जगला.

सिदूनं नारायणगडावर जाऊन नारळ फोडला.

तीन महिन्यांनी म्हाळूला घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय गेला होता. बोलणं गेलं होतं. काय कळतं आणि काय नाही, ते कळायला मार्ग नव्हता. तोंडातून एकच आवाज यायचा, मेंढरं वळवायचा. भूक लागली तरी "हुर्र", लाज वाटली तरी "हुर्र". कळप घरी यायच्या वेळेला तो दाराशी सरकत यायचा आणि बसल्या जागेवरून साठ मेंढरं वळवायचा, आणि मेंढरं वळायचीसुद्धा. साखराबाई रोज त्याला घासानं भरवायची, धोतर बदलायची, कुशीवर वळवायची. भाकरी दुधात कुस्करताना दूध कमी पडलं तर पाणी, आणि पाणी कमी पडलं तर आपल्या वाटणीचं. तिच्या कमरेत कायमची उसण भरली. गडी हलका झाला होता, पण वाळलेलं लाकूडही उचलून उचलून जड होतं.

म्हाळूच्या त्या जबाबावरून बंकटला धरलं होतं, पण दोन महिन्यांत तो जामिनावर सुटला. जामिनाला एक अट होती: साक्षी होईपर्यंत तालुक्यात पाय ठेवायचा नाही. तो परळीला सासुरवाडीत जाऊन राहिला, राखेच्या गाड्या चालवायला लागला. केस चालायला तीन वर्षं लागली. या तीन वर्षांत चिंचदऱ्याचा हौद बिनबंकटचा होता. सोळा साली पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा छावणी उघडली, पुन्हा तोच नियम. पण हौदावर ठेवलेला गडी बरा होता. सांजेला तो मेंढरांकडं पाठ करून बिडी ओढत बसायचा, आणि बिडी विझेपर्यंत सिदूची मेंढरं पिऊन घ्यायची. तेवढ्यावर कळप तग धरून होता. केस सुटली की बंकट येणार, किल्ली त्याच्या करदोड्याला जाणार. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून गाव साखराबाईशी आता जपून बोलायचं.

साक्षीचं समन्स आलं त्याच दिवशी सोसायटीचा सचिव बद्रीनाथ ओसरीवर येऊन बसला. साखराबाई म्हाळूची पाठ पुसत होती. बद्रीनाथनं आधी तब्येत विचारली, मग उन्हाळ्याबद्दल बोलला, मग मुद्द्यावर आला. साखराबाईनं कोर्टात नुसतं म्हणायचं की ऊन तोंडावर होतं, नीट ओळखू आलं नाही, मग कुणाचंच वाईट होणार नाही. चेअरमन स्वतः मेंढरांसाठी चाऱ्याची चिठ्ठी फाडायला तयार आहेत.

"मेंढरू जनावर झालं का मग?" साखराबाईनं विचारलं.

"व्हतंय की. माणसानं मनावर घेतलं तर सगळं व्हतंय."

"तीन वर्षांमागं कावून नव्हतं झालं?"

बद्रीनाथ उठला. जाताना म्हणाला, विमलबाईच्या पोराला सोसायटीत चिकटवलंय, तिला अक्कल आली, तुलाही येईल.

साक्षीच्या आठ दिवस आधी सरकारी वकिलानं बोलावलं म्हणून साखराबाई आणि सिदू जिल्ह्याला गेले. वकील तरुण होता, त्याच्याकडं कागदांचे ढीग होते, पण माणूस सरळ होता. त्यानं जमादारानं लिहिलेला जबाब वाचून दाखवला. साखराबाईनं तो पहिल्यांदा ऐकला. भाषा तिची नव्हती. "सदर ठिकाणी माझे पती मेंढ्या पाजत असताना एका अनोळखी इसमाने येऊन वाद घातला व कशाने तरी डोक्यात मारून दुखापत केली." बस्स. चिठ्ठ्यावाला नाही, पुतण्या नाही, लाल फटफटी नाही, कडं नाही.

तिनं विचारलं, इसम म्हणजे? वकील म्हणाला, माणूस. तिनं चार बोटं मोजली. मग म्हणाली, म्या तं चार खुणा सांगितल्या.

सिदूला आधी राग आला नाही, हायसं वाटलं. तो म्हणाला, साहेब, ह्याच्यावर वैनीचा अंगठा न्हाई. कच्चा कागद हाय. फाडून टाका.

वकिलानं मग नीट समजावलं. पोलिसापुढच्या जबाबावर अंगठा नसतोच. तो पुरावा नाही. साखराबाई खरं बोलते हे दाखवायला तो कागद वापरता येत नाही. पण ती कोर्टात वेगळं बोलली, तर ती खोटं बोलते हे दाखवायला आरोपीच्या वकिलाला तोच कागद वापरता येतो.

"म्हंजे आमच्या बाजूनं मुका, आन् त्यांच्या बाजूनं बोलका?" सिदू म्हणाला.

वकील म्हणाला, असंच समजा.

"मग दादाचा कागद काढा. त्येच्यावर अंगठा हाय, डागदराची सही हाय, बंकटचं नाव हाय. कानानं ऐकलंय म्या."

वकिलानं ते पाकीटही काढलं होतं. ते त्यानं पुढ्यात ठेवलं. म्हणाला, तुमचा भाऊ वाचला.

"व्हय. देवाची दया."

"तिथंच अडलं. मरणाऱ्या माणसाचा जबाब कोर्ट पुरावा म्हणून वाचतं, कारण तो येऊन सांगू शकत नाही. पण जो जगला, त्यानं कोर्टात यावं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग हा कागद त्याच्या मदतीला येतो. तो बोललाच नाही, तर कागद पाकिटातच राहणार."

"त्येला बोलता येत न्हाई."

"ठाऊक आहे मला."

"म्हंजे दादा मेला असता तं..."

वकिलानं पाकीट फायलीत परत ठेवलं. साखराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं हातातली पिशवी उगाच उघडली आणि मिटली. पिशवीत म्हाळूसाठी घेतलेली दोन केळी होती.

शेवटी ठरलं ते असं: साखराबाईनं कोर्टात नाव घ्यायचं. स्पष्ट, मोठ्यानं. खुणा नाहीत, नातं नाही, नाव. आणि म्हाळूला आणून बघायचं. खुणेनं सांगितलेलंही कोर्ट ऐकतं.

परत आल्यावर सिदूनं तिला माळावर नेलं आणि सराव घेतला. मेंढरं शेंगा चघळत होती. सिदू म्हणायचा, वैनी, म्हण. ती ओठ उघडायची आणि मिटायची. पहिल्या दिवशी "ब" सुद्धा निघाला नाही. तिला वाटे, आपण नागडं उभं राहतोय.

सिदू म्हणाला, "नाव घेतलं की आयुष्य कमी हुतं म्हणत्यात. बा मरून तेवीस वर्षं झाली, वैनी. आता त्येचं काय कमी हुतंय?"

"त्येंनी मला कधी अगं-तुगं केलं न्हाई, भावजी."

चौथ्या दिवशी तिनं अंघोळ केली, देव्हाऱ्यातल्या सासऱ्याच्या टाकाला हळद लावली, डोकं टेकवलं, आणि म्हणाली, मामंजी, तुमच्या लेकापायी घेते. मग भिंतीकडं तोंड करून ते नाव तिनं सात वेळा घेतलं. नंतर दिवसभर तिला पाणी गोड लागलं नाही.

कोर्टात त्या दिवशी पंखे फिरत होते, तरी घाम होता. आधी विमलबाई पिंजऱ्यात उभी राहिली. ती म्हणाली, मी धार काढत होते, मी काही बघितलं नाही. सरकारी वकिलानं तिला फितूर ठरवून तिचा जुना जबाब पुढं केला. ती म्हणाली, तसं मी सांगितलंच नव्हतं. उतरताना ती साखराबाईच्या अंगावरून गेली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, धड पदराचं.

मग साखराबाई. शपथ घेतली. वकिलानं विचारलं, मारणारा कोण होता? आरोपीच्या जागेवर बंकट पांढऱ्या कपड्यांत बसला होता. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि म्हणाली:

"बंकट."

शब्द स्वच्छ निघाला. न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. सिदू मागच्या बाकावर होता, त्यानं डोळे पुसले. त्याला वाटलं, झालं. सगळं झालं.

आरोपीचा वकील सावकाश उठला. वयस्क माणूस, गोड बोलणारा.

"बाई, आज तुम्ही नाव घेतलंत. चौकीत घेतलं होतं?"

"न्हाई."

"म्हणजे तीन वर्षांनी आठवलं."

"इसरलेच नव्हते."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"सासऱ्याचं नाव हाय."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वकील हसला नाही. त्यानं विचारलं, सासरे हयात आहेत? ती म्हणाली, न्हाई. तेव्हा हयात होते? न्हाई. मग त्यानं कागद उचलून ती ओळ वाचली, एका अनोळखी इसमाने. असं तुम्ही जमादारांना सांगितलं होतं?

"न्हाई. म्या सांगितलं, चेअरमनचा पुतण्या."

"मग जमादारांनी मनानं लिहिलं?"

"त्येला इचारा."

"जमादारांशी तुमचं काही भांडण होतं? वैर?"

"न्हाई."

"मग ते खोटं का लिहितील?"

साखराबाई म्हणाली, कोपऱ्यात दुधाचा कॅन होता. न्यायाधीश म्हणाले, बाई, विचारलं तेवढंच सांगा. त्या ओळीभोवती लाल खूण झाली, बाजूला "भाग अ" असं लिहिलं गेलं. दुपारनंतर जमादार आला. तो आता दुसऱ्या ठाण्यात होता, पोट सुटलं होतं. तो म्हणाला, बाईनं सांगितलं तसंच लिहिलं, भाग अ तिचाच. आरोपीच्या वकिलानं दोन वाक्यांत गुंडाळलं: नाव जुन्या जबाबात नाही, नाव ही मागाहून केलेली सुधारणा आहे.

सुधारणा! तीस वर्षं जपलेली जीभ त्या बाईनं विटाळून घेतली, तिला यांच्याकडं हा शब्द आहे.

पुढच्या तारखेला म्हाळूला नेलं. पिकअपमध्ये घोंगडं अंथरलं, त्यावर त्याला निजवलं. साखराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, सिदूनं पाय धरले. जिल्ह्याला पोचेपर्यंत ऊन चढलं. सकाळपासून तिनं त्याला पाणी कमी पाजलं होतं, कोर्टात धोतर खराब होऊ नये म्हणून. वाटेत त्यानं ओठ चाटले, तेव्हा तिनं पदराचं टोक भिजवून तेवढंच त्याच्या ओठांना लावलं.

त्याला पिंजऱ्यात उभं करता येईना, म्हणून खुर्ची दिली. शपथ त्याला घेता येईना. न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज मऊ केला, खाली वाकून विचारलं, तुमचं नाव काय? म्हाळू पंख्याकडं बघत होता. हे कोण आहेत, असं साखराबाईकडं बोट दाखवून विचारलं. म्हाळू म्हणाला, "हुर्र." सरकारी वकील म्हणाला, म्हाळूभाऊ, तुम्हाला ज्यानं मारलं तो इथं आहे का? असला तर हात करा.

म्हाळूची नजर फिरत फिरत पांढऱ्या कपड्यांवर गेली आणि तिथं थांबली. त्याचा डावा हात उठला. तो बंकटकडं गेला नाही. तो त्याच्या स्वतःच्या डोक्यावर गेला आणि पंजा पसरून तिथंच राहिला, कानाच्या वर, जिथं हाड बसवलेलं आहे. आणि सकाळपासून थेंब-थेंब पाजलेलं ते पाणी धोतरातून खुर्चीवरून फरशीवर सांडलं.

बंकटनं रुमाल नाकाला लावला.

सरकारी वकील धडपडून उठला. म्हणाला, साहेब, याची नोंद घ्या, आरोपीला बघून साक्षीदारानं डोक्यावर हात ठेवला. आरोपीचा वकील म्हणाला, कुणाकडंही बघून त्यानं ठेवला असता. प्रश्न त्याला कळला याचा पुरावा काय? न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. म्हाळू डोक्यावरचा हात काढेना. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, आणि टाईप करणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. साक्षीदार प्रश्नांचे आकलन करण्यास असमर्थ. खुणेने दिलेले उत्तर निश्चित नाही. सबब साक्ष नोंदविता येत नाही. नायब तहसीलदारांसमोरचा जबाब, साक्षीदार हयात असल्याने, पुराव्यात वाचता येत नाही.

शिपाई फडकं घेऊन आला. साखराबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं. ती खाली बसली, फरशी पुसली, खुर्चीचे पाय पुसले, म्हाळूच्या पोटऱ्या पुसल्या. मग फडकं पिळून बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. सिदूनं तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं.

"साहेब."

न्यायाधीश म्हणाले, बाई, तुमची साक्ष झाली आहे. आता बोलता येणार नाही.

"साक्ष न्हाई. इचारायचं हाय."

शिपाई पुढं आला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं.

साखराबाई म्हणाली, "त्यो पाकिटातला कागद ह्यांचाच हाय का?"

"हो."

"अंगठा ह्यांचाच?"

"हो. पण कायद्यानं..."

"कायदा वकीलसाहेबांनी सांगितला मला. ह्ये मेले असते तं तुमी त्यो वाचला असता. ह्ये बोलले असते तरी वाचला असता. बोलायचं ह्यांच्या हातात ऱ्हायलं न्हाई." तिनं एकदा बंकटकडं पाहिलं, आणि पुन्हा समोर. "ह्यांचं जगणं मरणं आता ह्यांच्या हातात न्हाई, साहेब. माझ्या हातात हाय. तीन वर्षं मी भरवते, तवा जगतेत. घरला जाऊन मी भाकरी कुस्करणार, वाटी ह्यांच्या तोंडाशी नेणार. मी घास घातला की तुमचा कागद मुका हुतोय. न्हाई घातला की बोलतोय."

"बाई, असं नसतं," न्यायाधीश म्हणाले.

"मग कसं असतं ते सांगा. तुमी शिकलेले हाव. मी घास घालू का नको? मोठ्यानं सांगा, आन् ह्येबी लिहून घ्या."